साडीला मॅचिंग कानातले आणि मळकट होणारा रंग: पॉलिमर क्लेची प्रश्नोत्तरं

या वेळी आलेले प्रश्न वाचायला घेतले तर बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर, रंगावर. पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजली की कडक होणारी प्लॅस्टिकची माती, मऊ कशी करायची, हूक कुठला लावायचा हे सगळं मागे पडलंय आणि प्रत्येकीला हवाय तो "सध्या चाललेला" रंग आणि तोही अगदी हुबेहूब. मला याचा खरंच आनंद झाला, कारण पाकिटातली क्ले आहे तशी वापरणं सोडून आपण स्वतः रंग मिसळायला लागलो की या कामात खरा जीव येतो. म्हणून हा अख्खा भाग रंगालाच दिलाय.

प्रश्न: ताई, मी घरी पॉलिमर क्लेचे कानातले करते आणि ओळखीत विकते. एका मुलीने मोबाईलवर फोटो पाठवून "मोका मूस" कलरचे स्टड मागितलेत, तिचा ब्लेझर त्याच रंगाचा आहे. मी केशरी क्लेमध्ये काळी घालून तपकिरी केला, मग फिका करायला पांढरी घालत गेले तर तो सिमेंटसारखाच दिसायला लागला आणि पाऊण पाकीट क्ले वाया गेली. या रंगाचा पॅन्टोन नंबर मिळाला पण त्यावरून कुठली क्ले किती घ्यायची ते काही कळत नाही. प्रमाण सांगाल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी नंबराचं सांगते. पॅन्टोन ही अमेरिकेतली, न्यू जर्सीची कंपनी. 1963 साली त्यांनी छपाईच्या रंगांना नंबर द्यायची पद्धत काढली, म्हणजे डिझाईन करणारा एका गावात आणि छापणारा दुसऱ्या गावात असला तरी दोघं एकाच रंगाबद्दल बोलतायत याची खात्री. 2000 सालापासून ते दरवर्षी एक "कलर ऑफ द इयर" जाहीर करतात आणि मग कपडे, पर्स, नेलपेंट, सोफ्याचं कापड सगळीकडे तो दिसायला लागतो. मोका मूस हा 2025 चा, नंबर 17-1230. पण हा नंबर फक्त रंग कुठला ते सांगतो, तो कशातून करायचा ते सांगत नाही, कारण छपाईची शाई वेगळी, कापडाचा डाय वेगळा आणि आपली क्ले तर अजून वेगळी, प्रत्येकाला त्या रंगापर्यंत जायची आपापली वाट शोधावी लागते.

आणि फोटोवरून तर मॅचिंग करूच नका. तोच फोटो तुमच्या फोनवर आणि मिस्टरांच्या फोनवर शेजारी शेजारी ठेवून बघा, दोन वेगळे रंग दिसतील, ब्राइटनेस कमी-जास्त असतो, रात्री स्क्रीन पिवळसर होते, कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग बदलतो. त्या मुलीकडून एक दिवस ब्लेझरच मागून घ्या, तेही जमत नसेल तर तिला सांगा की ब्लेझर घेऊन जवळच्या मॅचिंग सेंटरला जा आणि त्या रंगाचा टू बाय टूचा, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचा, छोटा तुकडा किंवा दोऱ्याचं रीळ आण. मॅचिंग सेंटरमधल्या लोकांची नजर फार तयार असते, साडी हातात आली की आधी दुकानाबाहेर उजेडात नेतात आणि मग थप्पीतून बरोबर तोच कपडा ओढतात. तो तुकडा तुमच्या टेबलावर राहू द्या, फोन बाजूला ठेवा.

आता सिमेंट का झालं? तपकिरी म्हणजे गडद आणि शांत केलेला केशरी. केशरीला शांत करायला त्याच्या समोरचा रंग लागतो आणि तो म्हणजे निळा. तुम्ही काळा घातलात, काळा केशरीचा जीवच काढून घेतो, त्यात मग पांढरा गेला, काळा आणि पांढरा मिळून राखाडी, म्हणजे शेवटी तुमच्या हातात राखाडी मिसळलेला केशरी राहिला. शिवाय पांढरी क्ले कुठल्याही रंगाला नुसती फिकी करत नाही, थोडी थंड आणि खडूसारखीही करते, त्यामुळे पांढरी घातली की नंतर किंचित पिवळा परत द्यावा लागतो.

माझ्याकडच्या क्लेमध्ये मी असं करते: पिवळी 6 भाग, मॅजेंटा (राणी कलरच्या जवळची) 2 भाग, निळी 1 भाग. यातून गडद चॉकलेटी तपकिरी येतो. मग या तपकिरीचा 1 भाग आणि पांढरीचा 1 भाग. हे एकजीव झालं की तुकड्याशेजारी धरून बघायचं. हिरवट वाटला तर मॅजेंटा कमी पडला, विटेसारखा लाल वाटला तर निळा कमी पडला, खडूसारखा वाटला तर पिवळा चिमूटभर. तुमचा ब्रँड वेगळा असेल तर आकडे बदलतील, कारण एका कंपनीचा निळा दुसऱ्या कंपनीच्या दुप्पट जोराचा असू शकतो, तेव्हा हे प्रमाण सुरुवात म्हणून धरा.

"भाग" मोजायचा कसा हे महत्त्वाचं. सगळे रंग एकाच जाडीचे लाटायचे. पास्ता मशीन असेल तर एकाच नंबरवर, नसेल तर क्लेच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या सारख्या थप्प्या ठेवायच्या आणि लाटणं त्यावरून फिरवायचं, जाडी आपोआप सारखी येते. मग एकाच झाकणाने किंवा कटरने चकत्या पाडायच्या, एक चकती म्हणजे एक भाग, अर्धी, पाव, अर्धपाव सगळं सुरीने करता येतं. (हे लाटणं आणि सुरी परत स्वयंपाकाला नको.) आणि चाचणीसाठी झाकण छोटंच घ्या, पेनाच्या टोपणाएवढं. पाऊण पाकीट वाया गेलं ते एवढ्यासाठीच की तुम्ही प्रयोगच मोठ्या गोळ्यावर केलात, दोन वाटाण्यांएवढ्या क्लेवर केला असता तर पाच वेळा चुकून पण काही बिघडलं नसतं.

मग त्या मिश्रणाची एक पातळ टिकली करायची, मागे सुईने प्रमाण कोरायचं "6-2-1, पां 1:1" असं, वर एक भोक पाडायचं आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला पूर्ण वेळ भाजायची. मॅचिंगचा निर्णय कच्च्या गोळ्यावर कधीच घ्यायचा नाही, भाजल्यावर बऱ्याच क्लेचा रंग थोडा गडद होतो, लाल, जांभळा, निळा यांच्यात हे जास्त जाणवतं. भाजलेली टिकली कापडावर ठेवून डोळे किलकिले करून बघायचं, टिकली कापडात बुडाल्यासारखी दिसली की जमलं. फिका-गडद कळत नसेल तर दोन्हींचा शेजारी ठेवून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, रंग बाजूला राहतो आणि नुसता फिकेपणा दिसतो, फोनचा एवढा उपयोग मात्र जरूर करा. टिकल्या टाकून देऊ नका, दोऱ्यात ओवून ठेवा. माझ्याकडे आता अशा टिकल्यांची मोठी माळ झालीय आणि नवीन ऑर्डर आली की मी आधी ती माळ काढून बसते.

आणि ते सिमेंट झालेलं पाऊण पाकीट पण फेकू नका, मोठे मणी करताना आत गाभा म्हणून ते घालायचं आणि वरून चांगल्या रंगाचा पातळ थर द्यायचा.

प्रश्न: मला जांभळा जमतच नाही! लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो असं शाळेत शिकलोय, पण माझा दरवेळी वांग्याच्या भरताच्या सालीसारखा काळपट होतो. क्ले खराब आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: क्ले चांगली आहे हो, लाल चुकीचा आहे. आपण ज्याला टकटकीत लाल म्हणतो, कुंकवाचा लाल, त्याच्यात पिवळा दडलेला असतो. तो निळ्यात गेला की लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले आणि तिन्ही एकत्र आले की तपकिरी-काळपट होणारच. जांभळ्यासाठी ज्याच्यात पिवळा नाही असा लाल पाहिजे, म्हणजे मॅजेंटा किंवा फुशिया, आपल्या भाषेत राणी कलरच्या जवळचा. निळाही हिरवटपणा असलेला नको, अल्ट्रामरीनसारखा असेल तर उत्तम.

राणी 2 भाग, निळा 1 भाग असा करून बघा. कच्चा असताना इतका गडद दिसेल की वाटेल परत फसलं, पण त्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा काढून पांढऱ्यात मिसळला की आतला रंग कळतो. गडद रंग ओळखायची ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, कुठल्याही काळपट दिसणाऱ्या गोळ्याला लागू पडते. 2022 ला पॅन्टोनचा व्हेरी पेरी आला होता, निळा पण जांभळ्याकडे झुकलेला, तोही यातूनच होतो, फक्त निळा जास्त, राणी कमी आणि पांढरा बऱ्यापैकी.

प्रश्न: क्ले महाग पडते, म्हणून एकच पांढरं पाकीट आणून त्यात हळद, कुंकू, खायचा रंग असं घातलं तर चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: हळद नको. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे, कानातल्याचंही तेच होणार, चार दिवस घालून उन्हात फिरलात की पिवळा फिका. खायचे रंग पाण्यात विरघळणारे असतात, ते क्लेत नीट बसत नाहीत आणि कुंकवाचा डाग कानाला, मानेला लागेल ही भीती वेगळी.

पांढऱ्या पाकिटावर काम भागवायचं असेल तर ड्राय सॉफ्ट पेस्टलचे खडू आणा, सुरीने खरवडून पावडर करा आणि पांढऱ्या क्लेत मळा, फिके रंग फार सुंदर येतात. अॅक्रिलिक रंगाचा एखादा थेंबही चालतो पण त्यात पाणी असतं, म्हणून क्ले पातळ लाटून काही तास उघडी ठेवायची, ओल राहिली तर भाजताना फुगे येतात. गडद रंग मात्र असे येत नाहीत, तिथे रंगीत क्लेच लागते. निऑन रंगाची हौस असेल तर तीही जरा जपून, ते रंग उजेडाने लवकर उतरतात.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या लग्नात मी मोरपंखी पैठणी नेसणारे. त्याला मॅचिंग झुमके स्वतः करायचेत. मी तीन वेळा रंग बनवला, घरात मॅच होतो, गच्चीत नेला की नाही, आणि साडी जरा हलवली की साडीचाच रंग बदलतो! कुठल्या रंगाला मॅच करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मला माझा एक अनुभव आठवला. 2024 चा पॅन्टोनचा रंग होता पीच फझ, नंबर 13-1023, मला तो पहिल्यांदा बघितल्यावर फिकट अबोलीच वाटला. त्या वर्षी आमच्याकडे एक साखरपुडा होता आणि सगळ्या बहिणींनी त्याच रंगाच्या साड्या घेतल्या. अकरा जोड्या कानातले माझ्याकडे. मी दिवसभराची कामं उरकून रात्री स्वयंपाकघरात बसायचे, तिथला दिवा पिवळसर एलईडी, त्याच्याखाली रंग इतका छान जुळला की मी खूश होऊन सगळ्या अकरा जोड्या भाजून टाकल्या. सकाळी खिडकीत साडीवर ठेवल्या तर साडी अबोलीच आणि कानातले सरळ गुलाबी. मी तेव्हा रडवेली झाले होते, कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला. परत सगळे केले, या वेळी दुपारी बारा ते तीन खिडकीत बसून.

असं होतं कारण कापडाचा डाय आणि क्लेतला रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असतात, एका दिव्याखाली दोन्ही सारखे दिसले तरी दुसऱ्या दिव्याखाली वेगळे वागतात. हे पूर्ण टाळता येत नाही. म्हणून आधी ठरवायचं की हे कानातले मुख्यतः कुठल्या उजेडात घालणार. लग्न सकाळचं, मांडव उघडा, तर दिवसाच्या उजेडात जुळवा, पण थेट उन्हात नको, सावलीतल्या उजेडात. रात्रीचं रिसेप्शन असेल तर हॉलमध्ये असतील तसल्या दिव्याखाली शेवटची टिकली तपासा. दोन्हीत बरा दिसणारा रंग निवडा, एकात हुबेहूब आणि दुसऱ्यात परका असा नको.

आता पैठणीचं. तुमची नजर बरोबर आहे, साडीचा रंग खरंच बदलतो. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते, एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने हिरवी. क्लेचा सपाट एक रंग याला कधीच पुरा पडणार नाही. पदराच्या टोकाला सुटे धागे असतील तर ते जरा वेगळे करून बघा, दोन्ही रंग स्वच्छ दिसतील. ते दोन्ही वेगवेगळे बनवा. मोरपंखीतल्या हिरव्यासाठी निळा 2 भाग, पिवळा 1, आणि निळ्यासाठी नुसता निळा, त्यात मोहरीएवढा पिवळा आणि तेवढीच मॅजेंटा, म्हणजे तो फार चकचकीत न राहता रेशमासारखा खोल होतो.

आणि मग हे दोन रंग पूर्ण मिसळायचे नाहीत. दोन्हींचे काटकोन त्रिकोण कापून कर्ण जोडून एक आयत करायचा, पास्ता मशीनमधून काढायचा, खालची कड वरच्या कडेवर आणून दुमडायचं आणि दुमडलेली बाजू आधी घालून परत काढायचं. दरवेळी दुमड त्याच दिशेने, एकदा जरी फिरवून दुमडलंत तर सगळं बिघडलं. वीस-पंचवीस वेळा काढलं की एका टोकाला हिरवा, दुसऱ्या टोकाला निळा आणि मधे सगळ्या छटा असा पट्टा मिळतो. जुडिथ स्किनर या अमेरिकन बाईंनी ही पद्धत रूढ केली म्हणून याला स्किनर ब्लेंड म्हणतात. पहिल्या आठ-दहा वेळेला नुसत्या रेघोट्या दिसतात, तेव्हा धीर सोडू नका, पुढे एकदम मऊ होतो. यातून झुमक्याचा घुमट कापला की मान हलवली की रंग बदलल्यासारखा वाटतो, अगदी तुमच्या साडीसारखा.

चमक हवी असेल तर या दोन्ही रंगांमध्ये पांढऱ्याऐवजी पर्ल क्ले घाला, तिच्यात अभ्रकाचे बारीक कण असतात आणि रेशमाची झाक येते. जरीचा सोनेरी मात्र पिवळ्या क्लेतून करायला जाऊ नका, तो हळदीसारखाच दिसतो. सोनेरी अभ्रक पावडर मिळते, ती कच्च्या क्लेच्या कडेवर बोटाने हलकी घासायची आणि मग भाजायचं. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर पैठणीवर अंगाच्या रंगापेक्षा काठाला धरून केलेले कानातले जास्त उठून दिसतात, एवढी मेहनत करायच्या आधी एकदा काठाच्या रंगाची जोडी कानाला लावून आरशात बघा.

प्रश्न: 2026 चा कलर पांढरा आहे म्हणे, क्लाउड डान्सर. वाटलं यात काय मिसळायचं, पण माझे पांढरे कानातले ओव्हनमधून चहाच्या डागासारखे पिवळे बाहेर येतात आणि त्यात काळे काळे कण पण दिसतात. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: हो, क्लाउड डान्सर, 11-4201. आणि पांढरा हा मला सगळ्यात अवघड रंग वाटतो कारण त्यात काहीच लपत नाही.

पिवळेपणा उष्णतेचा. ओटीजीची, म्हणजे घरातल्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनची, डायल 130 दाखवत असली तरी आत 150 असू शकतं, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, क्ले करणाऱ्याने पहिली खरेदी हीच करावी असं मी सगळ्यांना सांगते. पाकिटावर कंपनीने दिलेलं तापमान पाळा, ते सगळ्यांचं सारखं नसतं, फिमो ब्रँडच्या क्लेला 110 अंश लागतं तर प्रीमो ब्रँडच्या क्लेला 130. ओव्हन आधी गरम करून घ्या, ट्रे मधल्या कप्प्यात, खाली टाइलचा तुकडा त्यावर कागद, आणि वरून अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू, क्लेला टेकू द्यायचा नाही. तापलेल्या कॉइलची झळ थेट लागते ना, तिनेच वरची बाजू पिवळी होते. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर, मायक्रो मोडवर अजिबात नाही. आणि कधी क्ले करपून धूर आलाच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीतून बाहेर जा, पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीच असतं, ते जळलं की निघणारा वायू नाकाडोळ्यांना, छातीला त्रासदायक असतो.

काळे कण हे हातावरचे, कपड्यांवरचे, आधी वापरलेल्या रंगाचे. पांढरं काम दिवसातलं पहिलं काम ठेवा. हात सॅनिटायझरने पुसा, लाटणं, फरशी, मशीन सगळं पुसा, लोकर किंवा गडद रंगाचा सुती कपडा अंगावर नको. बसलेला बारीक कण कापसाच्या काडीवर थोडं अॅसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर घेऊन हलक्या हाताने उचलता येतो. वरून चमकवायला नेलपेंट मात्र कधीच लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं.

मिसळायचं म्हणाल तर पाकिटातला पांढरा एकदम कोरा, नव्या खडूसारखा असतो. मऊ ढगासारखा पांढरा हवा तर 8 भाग पांढऱ्यात 2 भाग ट्रान्सल्युसंट, म्हणजे अर्धपारदर्शक क्ले घाला, कोरेपणा जातो. त्यात मोहरीच्या दाण्याएवढा मोका मूसचा उरलेला गोळा मळला की दुधावरच्या सायीची झाक येते, पण इतकी झाक कदाचित क्लाउड डान्सरला जास्त होईल, तेव्हा मोहरीचेही चार तुकडे करून एक एक घालत जा. इथे एक टिकली कोऱ्या पांढऱ्याची शेजारी ठेवणं फार गरजेचं, नाहीतर डोळ्याला सगळंच पांढरं दिसतं.

प्रश्न: मी कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉलची घरगुती क्ले करते. बनवताना फिकट गुलाबी असते, वाळली की गडद होते. काय करू? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: ही पॉलिमर क्ले नाही, हिला कोल्ड पोर्सेलिन म्हणतात आणि ती भाजायची नसते. फेविकॉल ओला असताना दुधासारखा पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणजे तुमच्या मिश्रणातला एवढा पांढरा निघून गेला की रंग गडद होणारच. मळतानाच पांढरा अॅक्रिलिक रंग घाला आणि हवाय त्यापेक्षा एक-दोन छटा फिकी ठेवा. टिकली इथेही करायची, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायची आणि मगच बघायचं.

प्रश्न: आम्ही ऑफिसात बारा जणी आहोत. येत्या नवरात्रात रोजच्या रंगाचे कानातले सगळ्यांना सारखे करायचेत, नऊ रंग, बारा-बारा जोड्या. किती पाकिटं आणू, आणि सगळ्या जोड्या एकसारख्या कशा येतील? (एक वाचक, पुणे)

उत्तर: केवढं छान काम घेतलंयत! नऊ रंगांची नऊ पाकिटं आणायला जाऊ नका. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो पण रंग साधारण तेच असतात, पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी, केशरी, मोरपंखी, गुलाबी. हे सगळे पाच रंगांतून निघतात: पांढरा, पिवळा, मॅजेंटा, निळा, काळा.

दोन सेंटिमीटरची, तीन मिलिमीटर जाडीची गोल चकती घेतली तर एक जोडी साधारण 4 ग्रॅम धरा, बारा जोड्या 48 ग्रॅम, थोडी वाया जाते ती धरून एका रंगाला 53-54 ग्रॅम. बाजारात 57 ग्रॅमची पाकिटं मिळतात. पिवळी 4, पांढरी 3, निळी 2, मॅजेंटा 2 आणि काळं 1 एवढ्यात नऊ दिवस होतील.

लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा समसमान. केशरी, पिवळा 3 मॅजेंटा 1. हिरवा, पिवळा 4 निळा 1. मोरपंखी, निळा 3 पिवळा 1, पैठणीच्या हिरव्यापेक्षा हा जरा निळ्याकडचा, कारण आदल्या-मागल्या दिवशीच्या हिरव्यापासून तो वेगळा दिसायला हवा. निळ्यात थोडी मॅजेंटा घातली की रॉयल ब्लू. गुलाबीला पांढऱ्यात मॅजेंटा घालायची, मॅजेंटात पांढरा घालायला जाऊ नका. कायम फिक्यात गडद, चिमटी चिमटीने, उलटं केलं की फिकं करता करता गोळा नारळाएवढा होतो. राखाडीत काळा अगदी कमी, 50 ग्रॅम पांढऱ्याला 2-3 ग्रॅम, आणि काळा-पांढऱ्याचा राखाडी बऱ्याचदा निळसर येतो, तो आवडला नाही तर त्यात केशरीची मोहरी.

एकसारख्या जोड्यांसाठी बाराच्या बारा जोड्यांची क्ले एकाच वेळी मिसळा. आज सहा, उद्या सहा असं केलंत की दुसऱ्या सहा वेगळ्या दिसणारच, मग ग्रुप फोटोत ते कळतं. चाचणीची टिकली पसंत पडली की तिचं प्रमाण वजनात बदला. 50 ग्रॅमच्या पुढचं मिश्रण चकत्यांनी मोजणं कंटाळवाणं होतं, सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा यासाठी चांगला, घरातला स्वयंपाकाचा काटा 2-3 ग्रॅमला दगा देतो. मोठा गोळा एकजीव करायला वेळ लागतो, सुरीने मधोमध कापून आत बघा, रेघ दिसली की अजून मळा. एका रंगाच्या बाराही जोड्या एकाच घाण्यात भाजा, जमलं नाही तर प्रत्येक जोडीतले दोन्ही तरी एकत्र.

पाकिटं महिनाभर आधीच आणाल, तर मिसळलेले गोळे ठेवायची काळजी घ्या. कच्ची क्ले काही प्लॅस्टिकला खाते, कडक पारदर्शक डबीत ठेवली तर डबीच विरघळून चिकटते. तळाशी त्रिकोणात 5 लिहिलेले डबे चालतात किंवा साध्या पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळा, पिशवीवर प्रमाण लिहा, आणि ओट्याच्या किंवा खिडकीच्या उन्हापासून लांब, कपाटात खालच्या खणात ठेवा. पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात क्ले फार मऊ पडते, हाताला चिकटायला लागली तर साध्या कोऱ्या कागदात दाबून तासभर ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो. छापील वर्तमानपत्र मात्र वापरू नका, शाई उमटते आणि तुमच्या पांढऱ्या दिवसाचे कानातले राखाडी होतात.